शौच : नियमित

माझं अक्षर चांगलं आहे. वाटूरच्या आजूबाजूच्या गावांत कुणाला तहसीलला अर्ज द्यायचा असला, बँकेचा फॉर्म भरायचा असला, मुलीच्या दाखल्यात काही अडलं असलं, तर माणसं अजूनही माझ्या ओट्यावर येऊन बसतात. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, रिटायर होऊनही काही वर्षं झाली, पण "गुरुजी, जरा दोन ओळी लिहून द्या" हे काही सुटलं नाही. मला ते आवडतंही. खोटं कशाला बोलू?

याची सुरुवात वडिलांपासून आहे. ते रोजंदारीवर जायचे. मी सातवीत असताना कसल्याशा दाखल्यासाठी ते मला घेऊन कचेरीत गेले होते. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तोंडपाठ केलं, मला म्हणून दाखवलं, आणि कारकुनासमोर उभे राहिले तर तोंडातून शब्द फुटेना. कारकुनाने मान वर केली नाही. आम्ही तसेच परत आलो. येताना ते म्हणाले, "तुह्या आज्ज्यानं धम्म घेतला तव्हापसून हात जोडणं बंद झालं गड्या, पण तोंड काई उघडंना. तू शीक. तुला बराबर बोलता आलं पाह्यजे."

मी शिकलो. इतका शिकलो की समोर कुणी गप्प उभं राहिलं की त्याच्या वतीने मीच बोलायला लागायचो. त्याला स्वतःला काही म्हणायचं असेल, हे ध्यानातच यायचं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ही म्हण मी वर्षानुवर्षं पोरांना वाक्यात उपयोग करायला दिली आहे.

माझी बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटी. वडील लवकर गेले, त्यामुळे तिचं शाळेत नाव घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं मीच केलं. मला ती दादा म्हणते, पण अरेतुरे करत नाही, 'तुम्ही' म्हणते, आणि मी खाटेवर बसलेलो असलो तर ती खाली बसते. मला या गोष्टीचा अभिमान होता. लोकांना सांगायचो की आमच्याकडे अजून मोठ्यांचा मान आहे. तिला कुंभार पिंपळगावला दिलेली आहे. तिथे ती अंगणवाडी सेविका आहे. दाजी अंकुशनगरला साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. सीझन चालू झाला की त्यांना पाळी सोडून हलता येत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी ती वाळायला लागली. आधी मला वाटलं, अंगणवाडीचं काम वाढलं असेल. मग सणावाराला येणं कमी झालं. आली तरी जेवायची नाही, "खाऊन आल्ते" म्हणायची. लग्नाच्या पंगतीत बसायची नाही. बुद्ध पौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना मधूनच उठली आणि पदर सावरत घाईघाईने बाहेर गेली. परत आली ती अर्ध्या तासाने. मी तिला तिथेच, चारचौघांत बोललो, "पाच मिनिटं एका जागी बसवत न्हाई का तुला? लेकराबाळाची माय झालीस." ती खाली बघत म्हणाली, "चुकलं दादा." हे दोन शब्द आजही मला ऐकू येतात.

पुढे तिचा चेहरा पांढरा फटक पडला, तेव्हा मी पुढाकार घेतला. दाजी म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच जा तिला घेऊन. मला डॉक्टरफुडं बोलता येत न्हाई, आन् सुट्टीबी भेटंना." माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे होतं.

इथे मला आमच्या मास्तरकीच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. शिकवण्याइतकीच आमची नोकरी सर्वेक्षणात गेली. जनगणना, मतदारयादी, शाळाबाह्य मुलं, कधी गुरंढोरंसुद्धा. या कामातला एक नियम आमच्या हाडीमाशी खिळलेला आहे: रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना दिसला की कागद वरून परत येतो, आणि पुन्हा त्या घराची पायरी चढावी लागते. मग माणूस शेतात गेलेला असला, घराला कुलूप असलं, तर आम्ही अंदाजाने भरायचो. शेळ्या किती? दोन. चालतंय. कुणाचं काय बिघडतं?

गावं हागणदारीमुक्त करायची मोहीम होती, तेव्हा तर मी गुड मॉर्निंग पथकात होतो. उजाडायच्या आत गळ्यात शिट्टी अडकवून, हातात वही घेऊन गावाबाहेरच्या वाटेवर उभं राहायचं आणि टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला अडवायचं. नंतर घरोघर जाऊन विचारायचं, संडास आहे का, कोण कोण वापरतं, कोण वापरत नाही, का वापरत नाही. माझ्या आजीच्या वयाच्या बायकांना मी उंबऱ्यात उभं राहून हे विचारलं आणि लिहून घेतलं. सरकारने विचारायला सांगितलं होतं, म्हणून लाज वाटली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तर बहिणीला दवाखान्यात न्यायचं ठरल्यावर मी एक कागद तयार केला. डॉक्टरांना वेळ नसतो, पेशंटला सांगता येत नाही, म्हणून आधीच सगळं लिहून न्यावं. पट्टीने रेघा मारून नऊ रकाने आखले. नाव, वय, तक्रार, कधीपासून, भूक, झोप, शौच, आधीचे उपचार, चालू औषधं. रविवार होता. बहीण आमच्याकडे आलेली होती आणि आत माझ्या बायकोबरोबर ज्वारी निवडत बसली होती. मी ओट्यावरून एकेक प्रश्न विचारत होतो आणि ती आतून उत्तर देत होती.

"बाई, भूक लागती का?"

"लागती की."

"झोप?"

"येती. मधी मधी जाग येती."

'झोप : बरी' असं लिहिलं. जाग का येते, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढचा रकाना सातवा, शौच. मी दारातून आत पाहिलं. ती मान खाली घालून सुपातले खडे वेचत होती. तिला हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, हेच मला कळेना. 'संडास' म्हणावं तर बहिणीसमोर जीभ वळेना. 'शौच' म्हणावं तर सरकारी वाटत होतं. 'परसाकडं' म्हणायला ती काही म्हातारी नव्हती. उभ्या गावाला विचारणारा मी, तिथे गप्प झालो. आणि रकाना तर रिकामा सोडायचा नव्हता. मी लिहून टाकलं: नियमित.

पेनाला मध्ये थांबावंसुद्धा लागलं नाही. त्या कागदाच्या मी दहा झेरॉक्स काढल्या.

मग आमच्या जालन्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी वाटूरहून निघायचो, ती कुंभार पिंपळगावहून, आणि भेट जालन्याच्या स्टँडवर. ती नेहमी माझ्याआधी पोचलेली असायची आणि स्टँडवरच्या पैसे देऊन जायच्या संडासाकडून येताना दिसायची. एकदा मी घड्याळ दाखवून म्हणालो, "येवढा वेळ? नंबर जाईल ना आपला."  तिच्या पिशवीत डब्याच्या खाली एक जादा साडी असायची. मला वाटायचं, बायकांचं सामानच जास्त असतं.

पहिल्या डॉक्टरांनी माझा कागद हातात घेतला आणि खूश झाले. "गुरुजी, असे पेशंट आले तर आमचं काम किती हलकं होईल," असं म्हणाले. मी फुगलो. त्यांनी पोटदुखीचं विचारलं, ते मीच सांगितलं. जळजळ होते का म्हणाले, "होत असंल साहेब, चहा फार पिते," असं मीच सांगितलं. ती स्टुलावर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त फार कमी निघालं. ते जातंय कुठे, असं त्यांनीही विचारलं, नाही असं नाही. म्हणाले, "संडासला कसं होतं?" मला लख्ख आठवतंय, हा प्रश्न तिला विचारला होता. तिने तोंड उघडलं होतं. ओठ हलले होते. आणि मी म्हणालो, "नियमित आहे साहेब, बिलकुल नियमित. कागदावर लिहिलेलं आहे बघा." डॉक्टरांनी कागद पाहिला, त्यांच्या कागदावर इंग्रजीत उतरवून घेतलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पालक, गूळ, शेंगदाणे खा म्हणाले. तिने तोंड मिटलं.

तिसरे म्हणाले, बायकांचा काही त्रास असेल, लेडी डॉक्टरला दाखवा. तिथे मी आत गेलो नाही. एवढी रीत मला कळत होती. मी बाहेर बाकावर बसलो, पण माझा कागद आत गेला. डॉक्टरबाईंनी पाळीचं विचारलं, बाकीचं कागदावर पाहून घेतलं. तिथेही काही सापडलं नाही. प्रत्येक ठिकाणी आधीच्या डॉक्टरचा कागद पुढच्याला दाखवायचा, आणि प्रत्येकावर माझा तो एक शब्द इंग्रजी होऊन बसलेला असायचा.

बायको मला एकदा म्हणाली होती. जालन्याहून परत आलो होतो, मी हातपाय धूत होतो. ती म्हणाली, "आवं, तुम्ही भाईर बसत जा ना जरा. बाईमाणसाला काई बोलायचं असतं."

"तिला काय बोलता येतं? डॉक्टर दोन मिनिटं देतो. तेवढ्यात सगळं बराबर सांगावं लागतं."

"सांगंल ती. मी जाते तिच्यासंगं."

"तू? तुला गोळीचं नाव तरी वाचता येतं का?"

हे मी म्हणालो. आणि त्याच रागात दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. बायकोला सगळं माहीत होतं. बहिणीने तिला आपल्या लेकीची शपथ घातली होती, दादाला सांगायचं नाही म्हणून. दोघींना वाटत होतं की ही मूळव्याध आहे, बायकांना असतेच, काही दिवसांनी जाते. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात एक बाई मूळव्याधीचं चूर्ण विकायची. ते ताकातून चालू होतं. इकडे मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन देत होतो, तिकडे ती चूर्ण घेत होती, आणि आजार तिसराच होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिचे ते दिवस कसे गेले, हे मला फार नंतर, आणि तेही बायकोकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. दिवसाला दहा-दहा वेळा जावं लागायचं, आणि दर वेळी रक्त. अंगणवाडीत संडास बांधलेला होता, पण पाणी नव्हतं, आणि आत पोषण आहाराची पोती रचलेली होती. म्हणून ती घरून उपाशी निघायची आणि दुपारी पोरं घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायची नाही. जालन्याला यायचं असलं की आदल्या दुपारपासून जेवण बंद. एसटीत दाराजवळची जागा धरायची. कोणत्या फाट्यावर गाडी थांबते आणि तिथे आडोसा आहे का, हे सगळं तिला पाठ होतं. आणि एवढं करून दवाखान्यात पोचली, की डॉक्टर तिला काट्यावर उभं करून म्हणायचे, "बाई, खात जा जरा." आणि मी मागून म्हणायचो, "तेच सांगून राह्यलो साहेब, ऐकतच न्हाई."

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली.

मागच्या सीझनला ती आमच्याकडे आठ दिवस राहायला आली होती. चौथ्या दिवशी सकाळी ताप चढला. पोट फुगून टणक झालं. हात लावू देईना. मी जीप सांगितली. जालन्याच्या डॉक्टरांनी पोटाला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, इथे थांबू नका, संभाजीनगरला न्या. आमच्या जिभेला अजून औरंगाबादच येतं. वाटेत तिने तीनदा गाडी थांबवायला लावली. दर वेळी माझी बायको तिला धरून पेट्रोलपंपामागे, नाहीतर ढाब्यामागे घेऊन जायची. मी जीपमध्ये फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ड्रायव्हरला म्हणत होतो, "जल्दी पोचायचंय आन् ह्यांचं काय चाललंय."

त्या मोठ्या दवाखान्यात पोटाच्या डॉक्टर एक बाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी फाईल पुढे केली आणि सुरुवात केली, "मॅडम, पेशंटला साधारण दोन वर्षांपासून..." त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर थांबा. मला त्यांच्याशी बोलायचंय." मला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी बाहेर आलो. मध्ये फक्त हिरवा पडदा होता. शब्द कळत नव्हते, पण तिचा आवाज येत होता. अंगात ताप, पोट फुगलेलं, बोलायला त्राण नाही, तरी ती बोलत होती. थांबत होती, पुन्हा बोलत होती. मध्ये एकदा रडली. इतका वेळ ती बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला आधी काय वाटलं ते खरं सांगतो. मला राग आला. वाटलं, परक्या बाईला सांगतेय, मला नाही सांगितलं.

मग डॉक्टर बाहेर आल्या. त्यांच्या हातात माझी फाईल होती. "या सगळ्या कागदांवर शौचाला नॉर्मल लिहिलंय," त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या. हे कुणी सांगितलं?"

उभ्या आयुष्यात मला बोलायला शब्द सापडला नाही तो तिथे. वडील कारकुनासमोर जसे उभे होते तसा मी उभा राहिलो. त्यांचा काही गुन्हा नव्हता, माझा होता.

बायकोने सांगितलं. "रक्त पडून राह्यलंय मॅडम. दोन वर्स झाले."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, त्यातून रक्त जातं. मूळव्याध नाही, कॅन्सर नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस. पुरता बरा होत नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो, माणूस नोकरी करतो, संसार करतो. दुर्बीण घालून पाहिलं असतं तर पहिल्या सहा महिन्यांत कळलं असतं. मी विचारलं, "आता?" त्या म्हणाल्या, "आता आतडं फार सुजलंय. इंजेक्शनं देऊन बघू. नाही ऐकलं तर आतडं काढावं लागेल, नाहीतर ते फुटेल."

इंजेक्शनांना त्याने दाद दिली नाही. वरातीमागून घोडं. दाजी कारखान्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी आले. सहीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुम्ही म्हणसाल तसं." मी म्हणालो, "मला न्हाई, तिला विचारा." असं मी कुणाला पहिल्यांदाच म्हणत होतो. तिने विचारलं, "वाचंल का मी?" डॉक्टर हो म्हणाल्या. मग ती म्हणाली, "मंग काढा. मला लेकीचं लग्न बघायचंय." आणि स्वतः सही केली.

तिचं मोठं आतडं काढलं. ती वाचली. पोटावर उजव्या बाजूला एक भोक आहे, त्याला पिशवी लावलेली असते, आणि शौच तिच्यात उतरतं. काही जणांना पुढे आणखी ऑपरेशन करून पिशवी काढता येते, पण तिच्या अंगात तेवढं बळ नाही आणि मनातही नाही. अंगणवाडीत ती परत जाते. पोती हलवून घेतली, पाण्याची टाकी बसवून घेतली, त्यासाठी ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन बोलली. मला अर्जसुद्धा लिहू दिला नाही. पिशव्या जालन्यात मिळतील त्या दिवशी मिळतात, मापाच्या तर नाहीतच. म्हणून दर महिन्याला मी एसटीने संभाजीनगरला जाऊन आणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या गर्दीतून मोठ्याने विचारलं, "कशासाठी पाहिजे?" मला ते चार लोकांत सांगताना घाम फुटला. तेव्हा कळलं की दादासमोर, डॉक्टरसमोर, उजेडात बसून हेच सांगणं तिला किती जड होतं.

या उन्हाळ्यात पिशव्या द्यायला तिच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. दाजी घरी नव्हते, लेक मैत्रिणीकडे गेली होती. ती हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. मी खाटेवर न बसता तिच्यासमोर खालीच बसलो. ती गडबडून उठायला लागली, तर म्हणालो, "बस बाई." आणि जे वर्षभर बोलायचं राहिलं होतं ते बोललो. म्हणालो, "त्या कागदावर मी तुला न विचारता लिहिलं. सातवा रकाना. मला विचारायची लाज वाटली. तुहं आतडं माझ्यामुळं गेलं."

ती डाळ निवडत राहिली. मला वाटलं, तिला कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. मी पुन्हा सांगायला लागलो तर म्हणाली, "मला म्हाईत व्हतं दादा. मी वाचलं व्हतं की."

"कधी?"

"पह्यल्याच दिवशी. जालन्याच्या स्टँडवर तुम्ही मला फाईल धरायला दिल्ती आन् चहा आणायला गेल्ते. तव्हा वाचलं."

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"पर्समधी पेन व्हता माझ्या," ती म्हणाली. "अंगणवाडीचं रजिस्टर भरायचा. काढलाबी व्हता. म्हणलं, खोडावं आन् खरं लिहावं, डॉक्टर वाचंल, मला तोंडानं सांगायची पाळी यायची न्हाई. पर तुमचं अक्षर येवढं चांगलं. त्याच्यात माझं खोडलेलं कसं दिसलं असतं? तुम्ही रात रात बसून रेघा मारल्या असतील. मंग ठिवून दिला पेन." तिने सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातावर हात ठेवला. "म्हणून म्हणते दादा, तुमची एकट्याची चूक न्हाई. अर्धी माझीबी हाय."

ती माझी समजूत काढत होती.